हायड्रंटसमोर गाडी, डक्टमध्ये झाडू: मुंबईच्या इमारतींमध्ये सर्रास होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईत कुठे आग लागली की पहिली चर्चा होते ती बंब किती मिनिटांत पोचला याची. बंब पोचल्यावर जवानाच्या हातातल्या नोझलमधून पाणी किती वेळाने आलं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आग आटोक्यात येणार की वर चढणार, हे बऱ्याचदा या दुसऱ्या वेळेवर ठरतं. ही वेळ वाया जाते ती आपल्याच दारात. स्कूटर आडवी असते, रस्त्यावरच्या हायड्रंटचं, म्हणजे बंबासाठी पाणी घ्यायच्या नळाचं, झाकण सिमेंटखाली गेलेलं असतं, पंपाचा स्विच कुणीतरी बंद केलेला असतो, मजल्यावरच्या फायर डक्टला, म्हणजे लाल दारामागच्या पाइपांच्या कपाटाला, कुलूप असतं. साधनं बसवलेली असतात, त्यासाठी रहिवाशांचे लाखो रुपये खर्च झालेले असतात, पण ऐन वेळी ती हाताशी येत नाहीत.

म्हणून हा लेख पाण्याच्या वाटेने लिहिला आहे. रस्त्यावरच्या हायड्रंटपासून निघायचं, गेटातून आत यायचं, टाकी आणि पंपरूम पाहायची, मग पाइपाने वर चढून आपल्या मजल्यावरच्या लाल पेटीपर्यंत जायचं. या वाटेवर कुठे काय चुकतं, कायदा काय सांगतो आणि बिघाड कसा ओळखायचा, ते क्रमाने पाहू.

रस्त्यावरचा हायड्रंट: दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका

मुंबईत हायड्रंट दोन तऱ्हांचे दिसतात. एक फुटपाथच्या कडेला उभा असलेला लाल खांब. दुसरा जमिनीच्या पातळीला, लोखंडी झाकणाखाली चेंबरमध्ये बसवलेला. खांब निदान नजरेत तरी भरतो. झाकणाखालच्या हायड्रंटवर मात्र डांबराचा थर चढतो, पेव्हर ब्लॉक बसतात, रस्त्याचं काँक्रिटीकरण होताना तो कायमचा गाडला जातो. कधी झाकणच चोरीला जातं आणि चेंबर कचऱ्याने भरून जातो. शहरात असे निकामी हायड्रंट इतके झाले आहेत की बहुतेक आगींच्या वेळी अग्निशमन दलाची सारी मदार टँकरवर असते. टँकर रिकामा झाला की दुसरा येईपर्यंतची मिनिटं आगीला मिळतात.

तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम सुरू झालं की ठेकेदाराचा मुकादम किंवा साइटवरचा इंजिनिअर भेटतोच. त्याला तिथेच विचारा: इथे हायड्रंटचं झाकण होतं, ते नव्या रस्त्याच्या पातळीला उचलून बसवणार का? काँक्रीट ओतायच्या आधी हे काम थोडक्यात होतं. नंतर तोच रस्ता फोडावा लागतो आणि मग ते काम कुणी हाती घेत नाही. कामाआधी झाकणाचा फोटो काढून ठेवा. फोटोत शेजारचं दुकान, विजेचा खांब किंवा इमारतीची पाटी यायला हवी, म्हणजे जागा नक्की सांगता येते. तक्रार महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर करता येते. पण लेखी अर्ज वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्याकडे द्या आणि पोचपावती घ्या. अर्जात "हायड्रंट खराब आहे" एवढंच लिहून भागत नाही. झाकण गाडलं गेलंय, व्हॉल्व्ह फिरत नाही, पाणी गळतंय की पाणीच येत नाही, यांतलं नेमकं काय ते लिहा. चारही तक्रारींना वेगवेगळी दुरुस्ती लागते.

आता पार्किंग. हायड्रंट अडवून गाडी लावायची नाही हा नियम काही काल-परवाचा नाही. मोटार वाहन कायद्याखालच्या 1989 च्या रस्ते नियमावलीतच बस स्टॉप आणि शाळा-हॉस्पिटलच्या प्रवेशद्वारांबरोबर हायड्रंटचाही उल्लेख होता. तरी आपल्याकडे फुटपाथची कड म्हणजे फुकट पार्किंग असा समज पक्का बसला आहे. "पाच मिनिटांत येतो" म्हणून लावलेली गाडी रात्रभर तिथेच राहते. आणखी एक तरतूद वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अग्निशमन दलाच्या गाडीला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणं हा 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ई खाली गुन्हा आहे. त्याला 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हायड्रंटला पाइप जोडून टँकर भरणं, बांधकामाला पाणी घेणं, गाड्या धुणं हे प्रकारही चालतात. ही पाणीचोरी तर आहेच. त्याशिवाय चुकीच्या पान्याने फिरवून व्हॉल्व्हची चौकोनी मान गोल होते आणि मग जवानाची चावी त्यावर धरत नाही. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेची नासधूस सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, 1984 खाली येते आणि त्यात 6 महिने ते 5 वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. कुणी हायड्रंटला पाइप लावलेला दिसला तर भांडत बसू नका. वेळ, जागा आणि टँकरचा नंबर टिपून तक्रार करा.

गणेशोत्सव आणि नवरात्रातल्या मंडपांबद्दलही बोलायला हवं. महापालिकेची मंडप परवानगी घेताना अग्निशमन दल आणि वाहतूक पोलिसांचा विचार त्यात असतो. मंडळं अर्जही नीट भरतात. घोळ होतो तो मंडप उभारताना. नकाशावर मोकळा दाखवलेला कोपरा जनरेटर, पाण्याचे ड्रम आणि चपलांच्या स्टँडने भरतो, कमान मूळ मापापेक्षा खाली येते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मंडपाचा पहिला बांबू रोवायच्या आधी हायड्रंट शोधा, त्याच्याभोवती चुन्याने चौकोन आखा आणि त्या चौकोनात काहीही ठेवायचं नाही हे डेकोरेटरला बजावून सांगा.

गेट आणि मोकळी जागा: बंब आत येईल, पण उभा कुठे राहील?

उंच इमारतीच्या बाजूने बंबासाठी 6 मीटर मोकळी जागा ठेवावी लागते. इमारत नवी असते तोवर ती असते. मग पाहुण्यांचं पार्किंग, वॉचमनची केबिन, सायकल स्टँड, तुळशीवृंदावन, मुलांची घसरगुंडी असं एकेक करत ती भरत जाते. शिडीच्या गाडीचं दुखणं आणखी वेगळं. मुंबई अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, पण शिडी उभारण्याआधी त्या गाडीचे आधाराचे पाय बाजूंना पसरून जमिनीवर टेकवावे लागतात. दोन्ही बाजूंना कार उभ्या असतील तर ते पाय टेकणार कुठे? आणि 90 मीटरच्या वर राहणाऱ्यांना बाहेरून शिडीच नाही. त्यांची सगळी भिस्त इमारतीच्या आतल्या यंत्रणेवर असते.

गेटजवळ किंवा कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला लाल रंगाचे दोन किंवा चार तोंडांचे पाइप बाहेर आलेले असतात. हा फायर ब्रिगेड इनलेट. इमारतीतल्या सगळ्या साधनांमध्ये लोकांना याचीच ओळख सर्वांत कमी असते आणि त्याची आबाळही सर्वांत जास्त होते, म्हणून त्यावर जरा थांबतो. समजा तुमचा पंप बंद आहे, वीज गेली आहे, टाकी रिकामी आहे. तरीही जवान बंबातून होज पाइप काढून या तोंडांना जोडतात आणि बंबाच्या पंपाने इमारतीच्या उभ्या पाइपात पाणी चढवतात. तुमच्या यंत्रणेचं सगळं फसलं तरी हा एक मार्ग उरतो. त्याच्यासमोर स्कूटरची रांग नको, कुंड्या नकोत, जाहिरातीचा फलक तर मुळीच नको. तोंडांवरची झाकणं जागेवर आहेत का ते पाहा. झाकण गेलं की मुलं आत दगड टाकतात, येणारे-जाणारे बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या कोंबतात, आणि पाण्याच्या दाबाने तो सगळा कचरा वर जाऊन नोझलमध्ये अडकतो. झाकण काढून टॉर्चने आत पाहणं हे एका मिनिटाचं काम आहे. आत कपलिंगचं रबरी वॉशर दिसायला हवं. ते नसेल तर जोडातून पाणी उडतं आणि दाब कमी होतो. इनलेटवर पाटी आणि समोर जमिनीवर पिवळा चौकोन आखून घ्या. रंगाचा एक डबा पुरतो.

टाकी आणि पंपरूम: बहुतेक बिघाड इथेच असतात

मुंबईत नळाला पाणी बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळीच येतं. त्यामुळे आगीसाठीचं पाणी इमारतीने स्वतः साठवलेलं असावं लागतं. त्यासाठी जमिनीखाली वेगळी टाकी आणि गच्चीवर वेगळी टाकी असते. उन्हाळ्यात पाणीकपात जाहीर झाली की सोसायटीची मीटिंग बसते आणि कुणीतरी सुचवतं, फायरच्या टाकीतलं वापरू, नंतर भरू. हे कधीही करू नका. ते "नंतर" बहुधा पावसाळ्यात उगवतं. पाणी साचून खराब होईल ही शंका असेल तर त्यालाही उपाय आहे. महापालिकेचं पाणी आधी फायरच्या टाकीत येऊ द्यायचं आणि ती भरून वाहिली की ते पाणी घरगुती वापराच्या टाकीत जाऊ द्यायचं. अशाने पाणी खेळतं राहतं आणि फायरची टाकी सदैव भरलेली असते. तुमच्या इमारतीत ही जोडणी उलटी असेल तर प्लंबरला आणि अग्निसुरक्षेची कामं करणाऱ्या परवानाधारक एजन्सीला एकत्र बसवून ती बदलून घ्या.

पंपरूममध्ये साधारणपणे एक मोठा मुख्य पंप, एक छोटा जॉकी पंप आणि मोठ्या इमारतींत डिझेलवर चालणारा जोडीचा पंप असतो. जॉकीचं काम पाइपातला दाब कायम ठेवण्याचं. कुठे थोडी गळती होऊन दाब उतरला की तो आपोआप चालू होतो, दाब भरतो आणि थांबतो. मोठा व्हॉल्व्ह उघडला गेला तर जॉकीला ते पेलवत नाही, दाब आणखी खाली येतो आणि मुख्य पंप चालू होतो. एवढी ओळख झाली की पुढची लक्षणं कळायला लागतात.

*जॉकी पंप दर थोड्या वेळाने चालू होतोय.* रात्री आवाज होतो, वीजबिल वाढतं, म्हणून कमिटी त्याचा स्विच बंद करते. मुंबईच्या सोसायट्यांमधली ही सर्वांत घातक सवय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जॉकी वारंवार चालतो याचा अर्थ कुठेतरी पाणी गळतंय. पहिला संशय जमिनीखालच्या लोखंडी पाइपावर घ्या. आपल्याकडची खारी हवा आणि ओली जमीन त्याला काही वर्षांत पोखरते. मग प्रत्येक मजल्याचे व्हॉल्व्ह, होज रीलचे जोड आणि गच्चीवरची एअर व्हॉल्व्ह पाहा. गळती शोधायला एकेक विंगचा व्हॉल्व्ह आळीपाळीने बंद करून गेज पाहायचं. ज्या विंगचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब टिकतो, गळती तिथे.

*प्रेशर गेजचा काटा शून्यावर आहे.* आधी गेजखालचा छोटा कॉक बंद नाही ना ते बघा. तो उघडा असूनही काटा शून्यावरच असेल तर पॅनेलवर सिलेक्टर स्विच कुठे आहे ते पाहा. तो "ऑटो"वर हवा, "मॅन्युअल" किंवा "ऑफ"वर नको. दुरुस्तीला आलेला माणूस स्विच मॅन्युअलवर ठेवून निघून जातो आणि पुढे महिनोन्महिने तिकडे कुणी फिरकत नाही. त्यानंतर टाकीतलं पाणी आणि पंपाच्या सक्शनचा, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह पाहा.

*मुख्य पंप चालू झाला आणि थांबतच नाही.* बऱ्याच जणांना हा बिघाड वाटतो. फायरचा मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण बंद हातानेच करायचा असतो. आग विझवता विझवता तो मध्येच थांबू नये यासाठी ही योजना आहे. वॉचमनला हे समजावून सांगा, नाहीतर घाबरून तो मेन स्विचच पाडेल.

*डिझेल पंप स्टार्ट घेत नाही.* दहापैकी नऊ वेळा दोष बॅटरीचा असतो. आठवड्यातून एकदा पंप थोडा वेळ चालवा, बॅटरीचे टर्मिनल पुसा, डिझेलची पातळी वहीत लिहा. पंपरूमच्या भिंतीला अशी एक वही टांगलेली असावी. तारीख, गेजचा आकडा आणि सही एवढं तीत पुरे.

आग लागल्यावर वीज कापण्याची पहिली आरोळी उठते. घरांची वीज जरूर कापायची, पण फायर पंपाचा आणि फायर लिफ्टचा पुरवठा वेगळ्या सर्किटवर हवा आणि तो चालू राहायला हवा. तुमच्या मीटर रूममध्ये ही दोन्ही स्विचं वेगळी आहेत का आणि त्यांवर लाल पाटी आहे का? इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन एकदा बघाच. पाटी नसेल तर अंधारात, धुरात नेमकं तेच स्विच पाडलं जातं.

मजल्यावरचा डक्ट: लाल दार म्हणजे स्टोअररूम नव्हे

परळ भागातल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावरचा फायर डक्ट उघडलेला मी पाहिला. कडी तुटलेली, म्हणून दार सुतळीने बांधलेलं. आत दोन झाडू, एक बादली, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, लहान मुलाची घडी केलेली बाबागाडी. हायड्रंटच्या चाकावर ओलं फडकं वाळत घातलेलं. चाक फिरवायला हात घातला तर रंगाच्या तीन-चार थरांखाली ते जाम झालेलं. होज बॉक्समध्ये पाइप होता, नोझल नव्हतं. मजल्यावरच्या लोकांना याची कल्पना नव्हती. वाईट हेतूही कुणाचा नव्हता. घरात जागा कमी आणि हे दार सदा बंद, म्हणून सामान आत गेलं.

पण कायदा हेतू विचारत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मध्ये साफ म्हटलं आहे की इमारतीत बसवलेल्या अग्निसुरक्षा साधनांत कुणीही ढवळाढवळ करायची नाही, बदल करायचा नाही, ती काढायची नाहीत, त्यांना इजा पोचवायची नाही आणि दुसऱ्याला तसं करायला लावायचंही नाही. ही जबाबदारी मालकावर आहे तशीच जागा वापरणाऱ्यावरही आहे. भाडेकरू, ऑफिसवाले, तळमजल्याचे दुकानदार सगळेच त्यात आले. नोटीस देऊनही सुधारणा झाली नाही तर इमारतीचं वीज-पाणी तोडण्याचे, जागा सील करण्याचे अधिकार या कायद्याने दिले आहेत आणि कैदेची शिक्षाही त्यात आहे.

डक्टमध्ये काय तपासायचं ते एकदा नीट पाहून घ्या. व्हॉल्व्हचं चाक हाताने फिरायला हवं. जाम असेल तर हातोडा मारू नका. स्पिंडलला ग्रीस लावून एजन्सीच्या माणसाकडून सोडवून घ्या आणि पुढे दर काही महिन्यांनी थोडं उघडून-मिटून ठेवा. इमारतीला रंग देताना रंगाऱ्याला सांगा, पाइप रंगव, चाकाची दांडी आणि कपलिंग रंगवू नकोस. व्हॉल्व्हचं तोंड साखळीच्या झाकणाने बंद असावं.

खालच्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले, तर वर पाणी चढवताना ते तिथेच बाहेर पडतं आणि आगीच्या मजल्यावर नुसती हवा येते. यासाठीच ड्रिलनंतर प्रत्येक मजल्यावर फिरून व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची.

होज पाइप वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिला की त्या घडीवर चिरतो. त्याची घडी अधूनमधून बदला. ड्रिलला वापरलेला ओला पाइप तसाच गुंडाळून ठेवू नका, सावलीत लोंबता ठेवून पूर्ण वाळवा. नोझल पितळी असतं, भंगारात त्याला भाव मिळतो, म्हणून ते चोरीला जातं. या भीतीने काही सोसायट्या सगळी नोझलं काढून ऑफिसच्या कपाटात ठेवतात. हेतू समजतो, पण आगीच्या वेळी ते कपाट उघडायला सेक्रेटरी कुठून आणायचा? त्यापेक्षा होज बॉक्सला काचेचं दार लावा, मजल्याच्या लॉबीत कॅमेरा बसवा आणि रोजच्या फेरीत नोझल मोजण्याचं काम वॉचमनला द्या. डक्टला कुलूप तर नकोच.

मोठा 63 मिलिमीटरचा होज पाइप प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हाताळू नये. दाबाने त्याचं नोझल हातातून सुटतं आणि माणूस जखमी होतो. रहिवाशांसाठी आहे ती होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली बारीक रबरी नळी. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग नळी ओढत न्यायची आणि शेवटी टोकाचं नोझल उघडायचं. विजेच्या वस्तूला आग असेल तर त्या घराचा मेन स्विच पाडल्याशिवाय पाणी मारायचं नाही.

एक्स्टिंग्विशर, स्प्रिंकलर, डिटेक्टर

एक्स्टिंग्विशरच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील शाबूत आहे का आणि टॅगवरची तारीख उलटलेली नाही ना, एवढं कुणालाही पाहता येतं. पुढची चूक मात्र बऱ्याच ठिकाणी होते. प्रात्यक्षिकात थोडासा वापरलेला सिलिंडर तसाच पुन्हा भिंतीवर टांगला जातो. एकदा दाबला की पावडरचे कण सीलमध्ये अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. थोडा वापरला तरी तो पुन्हा भरून घ्यावाच लागतो. आणि तो टांगायची जागा दाराआड किंवा सोफ्यामागे नसावी.

स्प्रिंकलरला, म्हणजे छताला बसवलेल्या आपोआप पाणी फवारणाऱ्या तोटीला, रंग लागला तर घासून साफ करण्यात अर्थ नाही, तो बदलायचाच. घरांत आणि ऑफिसांत सर्वसाधारणपणे दिसणारी लाल द्रवाची काचनळी 68 अंश सेल्सिअसला फुटते. तिच्यावर रंगाचा थर बसला की ती उशिरा फुटते. फ्लॅटचं इंटिरिअर करताना काही कारागीर नवं फॉल्स सीलिंग स्प्रिंकलरच्या खाली आणतात किंवा लाइनच प्लग लावून बंद करतात. सोसायटीने नूतनीकरणाला परवानगी देताना ही अट लेखी घालावी आणि काम संपल्यावर कमिटीच्या माणसाने वर मान करून पाहून यावं. धुळीपासून बचावासाठी धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर चढवलेली प्लास्टिकची टोपी काम संपल्यावर काढायची राहून जाते, तीही तेव्हाच पाहा. अलार्म पुन्हा पुन्हा खोटा वाजत असेल तर पॅनेल मुका करून ठेवू नका. कोणत्या झोनचा वाजतो ते टिपा. बहुधा एखाद्याच डिटेक्टरमध्ये धूळ, झुरळ किंवा ओल असते.

कागद पूर्ण, यंत्रणा बंद

2006 च्या त्याच राज्य कायद्याखाली दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी द्यावा लागतो. इमारतीतली साधनं चालू स्थितीत आहेत असं त्यात प्रमाणित केलेलं असतं. काही सोसायट्या सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याकडून हा कागद घेतात आणि विषय मिटला असं धरतात. एजन्सीचा माणूस येतो त्या दिवशी कमिटीतल्या एकाने तरी त्याच्यासोबत सगळं फिरावं. सर्वांत वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का ते डोळ्यांनी पाहा. तिथे पाणी जोरात आलं तर खालचं बरंचसं ठीक आहे. आलं नाही तर सही करू नका.

हा अट्टहास कशासाठी, हे या शहराने पुरेसं पाहिलं आहे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये 22 ऑगस्ट 2018 ला आग लागली, चार माणसं गेली. आतली यंत्रणा चालत नसल्याचं अग्निशमन दलाने सांगितलं. ताडदेवला 22 जानेवारी 2022 ला वीस मजली इमारतीत पुन्हा तेच पुढे आलं. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमधल्या सामानाने आणि गाड्यांनी पेट घेतला आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. अशा ठिकाणी आत शिरणारे जवानही माणसंच असतात. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. आपल्या डक्टमधली एक बादली हलवणं हे त्यांच्यापुढे फारच लहान काम आहे.

सोसायटीचं फायर ड्रिल एप्रिलच्या त्याच आठवड्यात ठेवा. ड्रिलमध्ये नुसतं जिन्याने खाली उतरून फोटो काढू नका. इनलेट उघडा, पंप ऑटोवर ठेवून वरचा व्हॉल्व्ह सोडा आणि पंप स्वतःहून चालू होतो का ते पाहा. रिफ्यूज एरियाचं, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायच्या मोकळ्या जागेचं, दार उघडं आहे ना आणि तिथे जुने सोफे ठेवलेले नाहीत ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

आणि खरोखरच आग लागली तर 101 ला फोन करताना इमारतीचं नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, कितवा मजला आणि कुणी अडकलं आहे का हे सांगा. फोन झाल्यावर दोघांना खाली पाठवा. एकाने गेट पूर्ण उघडून समोरच्या गाड्या हलवायच्या. दुसऱ्याने इनलेटजवळ उभं राहून बंबावरच्या अधिकाऱ्याला तीन गोष्टी सांगायच्या: इनलेट इथे आहे, पंपरूम तिकडे आहे, टाकीत पाणी इतकं आहे.